सवय नसलेला माणूस

सुरी पुढं करण्याची त्यांची एक रीत होती. पातं स्वतःच्या तळव्यात, मूठ समोरच्याकडे. समोरच्यानं मूठ धरेपर्यंत हात तसाच ताठ. "धरा," ते म्हणायचे, "हात तुमचा, डोळे माझे." मग दोन पावलं मागं सरकून, हात पाठीशी बांधून उभे राहायचे.

पशुसंवर्धन पदविकेच्या आमच्या कॉलेजात ते प्रयोगशाळा परिचर होते. कॉलेज संभाजीनगर शहराबाहेर, बायपास ओलांडून बरंच पुढं. बरण्या पुसायच्या, फॉर्मालिन बदलायचं, बैलाच्या सांगाड्यावरची धूळ झटकायची, हे त्यांचं काम. पन्नाशीच्या आसपासचं वय, काटक अंग आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट. दिवसभर त्या वासात वावरणाऱ्या माणसाच्या शर्टावर डाग कसा पडत नाही, यावर आमच्या वर्गात पैजा लागायच्या. मी तिथं दोन वर्षं होते. मला तरी डाग दिसला नाही.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना हाक मारली, "मामा, चावी द्या ना." आपण शाळा-कॉलेजातल्या प्रत्येक शिपायाला मामा म्हणतो, तुम्हीही म्हणत असाल. त्यांनी चावी दिली आणि म्हणाले, "मी तुमच्या आईचा भाऊ नाय. आडनाव हाय मला. ते जड जात असलं तर काका म्हणा."

त्यांचं आडनाव मी इथं लिहीत नाही. आडनाव वाचलं की आपण पुढचं वाचायच्या आतच बरंच काही ठरवून मोकळे होतो. एवढंच सांगते, त्यांचे आजोबा गावात मेलेली ढोरं ओढायचे. धम्मदीक्षा घेऊन गावी परतल्यावर त्यांनी ते काम कायमचं सोडलं. त्यासाठी गावानं त्यांचं पाणी बंद केलं, दुकान बंद केलं. घर उचलून ते शहरात आले. हे मला नंतर कळलं. कळलं तेव्हा मी त्यांच्याविरुद्धच्या कागदावर सही करून बसले होते.

झालं असं. आमच्या पहिल्या शवविच्छेदनाला कॉलेजच्या कळपातली एक उस्मानाबादी शेळी होती, रात्रीतून मेलेली. शरीररचनेचे सर आले, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "हं, करा सुरू."

काकांनी ट्रे मांडला, हातमोजे मांडले, सुऱ्या पुसून ओळीनं ठेवल्या आणि उभे राहिले.

"अहो, उघडा की."

"विद्यार्थी उघडतील सर. पुस्तकात तसंच लिवलंय."

सर हसले. "पोरं नवीन आहेत. तुम्हाला सवय आहे म्हणून म्हटलं."

आम्ही तीस जण. त्यातल्या निम्म्यांना सर काय बोलले ते कळलं होतं, उरलेल्यांना कळायची गरज पडली नव्हती. मी त्या उरलेल्यांतली. अजिंठ्याजवळच्या गावातलं आमचं घर पाटलांच्या आळीतलं. असल्या बोलण्याचा आवाज तिथं कानाला वेगळा लागत नाही.

"कशाची सवय सर?" काकांनी शांतपणे विचारलं.

सरांनी रुमाल काढला, परत लावला. "म्हणजे, आधीचे परिचर करायचे."

"त्यांना इचारा मग. माझ्या आज्यानं ही सवय वेशीभायेर टाकली. माझ्या बापाला नव्हती. मला तर नायच नाय."

आणि त्यांनी एक सुरी उचलून, मूठ पुढं करून, वर्गातल्या पहिल्या माणसासमोर धरली. वर्गप्रतिनिधी म्हणून पहिल्या रांगेत मीच होते.

मी ती शेळी कशी उघडली ते विचारू नका. पहिला काप वाकडा गेला, दुसरा खोल गेला, आणि तिसऱ्याला मी बाहेर पळत जाऊन नळाखाली डोकं धरलं. परत आले तर ते त्याच जागी उभे. "झालं का? आता डाव्या अंगाला या. घाई नका करू, ती कुठं जात नाय."

त्या दिवशी पोटाचे चार कप्पे मी हातानं शिकले. कोठीपोटात हात घातला तर आतून टर्किश टॉवेलसारखं लागलं. जाळीपोट मधाच्या पोळ्यासारखं. पडदेपोट उघडलं तर वहीची पानं. चौथं खरंपोट, गुळगुळीत, आपल्यासारखं. "तीन पोटं जनावराची, एक तुमचं-माझं," ते मागून सांगत होते. "गवत पयल्या पोटात पडतं, पण तिथं ते शेळी पचवत नाय. आतले बारीक जीव पचवतात. शेळी त्यांना पाळते आन ते शेळीला पाळतात. कुणाचं कुणावर उपकार नाय." सर तोपर्यंत निघून गेले होते.

आठवड्याभरात त्यांना मेमो आला. तो मी नंतर स्वतः वाचला. 'आपणांस सदर कामाची परंपरागत सवय असूनही आपण हेतुपुरस्सर नकार दिला' असं त्यात लिहिलं होतं. सरांच्या तोंडून निसटलेला शब्द आता शिक्क्यासह, जावक क्रमांकासह कागदावर आला होता. काकांचा खुलासा दोन ओळींचा होता. 'मला परंपरागत सवय नाही. शिकण्याची आहे, ती चालू आहे.'

मग सरांनी वर्गात एक टाइप केलेलं पत्र फिरवलं. परिचराच्या असहकारामुळे आमची प्रात्यक्षिकं बुडतात, अशी विद्यार्थ्यांची तक्रार. प्रात्यक्षिकं बुडत नव्हती. उलट त्या पंधरवड्यात आम्ही दुसरी शेळी उघडली होती आणि या वेळी माझा काप सरळ आला होता. तरी मी सही केली. सगळ्यांच्या वर, ठसठशीत. सरांची भीती होतीच, पण खरं कारण लहान आणि लाजिरवाणं होतं. मला शेळी चिरायची नव्हती. माझ्या घरी कळलं असतं तर काय, हेच डोक्यात होतं. दुसऱ्या कुणी चिरून दाखवावी, आपण वहीत आकृती काढावी, असं मला मनापासून वाटत होतं. ते 'दुसरं कुणी' कोण, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी आम्हा सहा-सात जणांना शहरात एका मटणाच्या दुकानावर बोलावलं. अभ्यासक्रमात मांसाची प्रत ओळखणं होतं, पण ते शिकवायला कॉलेजात एक पिवळा पडलेला तक्ताच तेवढा होता. दुकानदार त्यांचा जुना दोस्त, मेंदी लावलेल्या दाढीचा. सगळे त्याला चाचा म्हणत. आकड्यांवर चार बोकड टांगलेले.

"सांगा," काका म्हणाले, "यातला उपाशी कोन होता?"

आम्ही मांड्या बघितल्या, फासळ्या बघितल्या. कुणी हा म्हणालं, कुणी तो. काकांनी चाचांकडे पाहिलं. चाचांनी एकेका बोकडाचा आतला भाग उजेडाकडे फिरवला. मूत्रपिंडाभोवतीची चरबी तिघांची पांढरीशुभ्र, घट्ट, मुठीएवढी होती. चौथ्याच्या जागी ओलसर पातळ पापुद्रा. काका म्हणाले, "भाईर मांस दिसतं म्हणून फसू नका. जनावर उपाशी राहिलं की आतली साठवन खातं. ही खाल्ली गेली म्हंजी लई दिस हाल झाले त्याचे. मरताना ते बोललं नाय, पन इथं लिवून ठिवलंय."

"मैं काटता हूँ मॅडम," चाचा माझ्याकडे बघून हसले, "ये पढ़ते हैं."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "काका, इथं तुम्हाला चालतं, मग कॉलेजात का नाही?"

"चाचा चिरतो ते त्याच्या मर्जीनं. दुकान त्याचं, पाटीवर नाव त्याचं. उद्या त्याला वाटलं तर बांगड्या इकंल. माझ्या आज्याला कुनी मर्जी इचारली नव्हती." त्याच सुरात पुढं म्हणाले, "आन हां, पत्रावर पयली सही तुमची व्हती. अक्षर चांगलं हाय तुमचं."

एवढंच. आवाज चढला नाही, चेहरा बदलला नाही. पुढच्या क्षणाला ते फासळ्यांमधल्या मांसाचा रंग दाखवायला लागले. मी त्या दुकानाच्या पायरीवर उभी होते आणि मला कुठं बघावं ते कळत नव्हतं.

गाय फुगली ती त्यानंतर महिनाभरानं. गाभण देवणी गाय, दावं तोडून लसूणघासाच्या ओल्या वाफ्यात शिरलेली. दुपारी आम्ही गोठ्यात पोहोचलो तेव्हा तिची डावी भकाळी, म्हणजे फासळ्यांमागची कूस, वायूनं फुगून पाठीच्या कण्याच्या वर आली होती. जीभ बाहेर, डोळे पांढरे. पशुवैद्यक शहरात बैठकीला गेलेले, फोन लागत नव्हता. तेल पाजून झालं होतं, तोंडात आडवी काठी बांधून झाली होती. प्राचार्य स्वतः धावत आले होते आणि "काहीतरी करा, काहीतरी करा" म्हणत होते. तेवढ्यात गायीचे पुढचे पाय दुमडले.

काकांनी कुणालाही काही विचारलं नाही. भिंतीवरच्या कपाटातून ट्रोकार घेतला. जाड सुळा असतो, त्यावर नळी बसवलेली. शेवटची फासळी आणि कमरेचं हाड यांच्या मधल्या त्या फुगवट्यावर आयोडीन ओतलं, बोटांनी जागा मापली आणि एका दणक्यात सुळा आत घातला. सुळा मागं ओढला, नळी तशीच ठेवली. आधी नुसता फेस आला. त्यांनी त्याच नळीतून तेल सोडलं. थोड्या वेळानं सायकलच्या चाकातून सुटावी तशी हवा सुटली. तो वास सांगण्यासारखा नव्हता आणि त्या वासानं आम्हाला झालेला आनंदही. गाय एकदा थरथरली, मग तिनं मान उचलली.

प्राचार्यांनी घाम पुसला. मग त्यांच्या लक्षात आलं असावं की मेमोवर सही त्यांचीच आहे. "बघा!" ते म्हणाले. "येतं की तुम्हाला सगळं!"

काका बादलीत हात धुत होते. मान वर न करता म्हणाले, "येत नाय असं कोन म्हनलं साहेब? येतं, आन तरी नाय म्हनतो."

चौथ्या दिवशी त्यांना दुसरा मेमो मिळाला. 'अधिकार नसताना जनावरावर शस्त्रक्रिया केल्याबद्दल.' पहिला मेमो मेलेली शेळी न उघडल्याचा, दुसरा जिवंत गाय उघडल्याचा. त्यांनी दोन्ही एकाच प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातले आणि प्रयोगशाळेत येईल त्याला दाखवायला लागले. "वाचा, वाचा. कॉलेजला माझ्याशिवाय चैन पडत नाय."

चौकशीला तीन जणांची समिती बसली. मला साक्षीला बोलावलं. आदल्या दिवशी सरांनी मला बोलावून, काय सांगायचं ते प्रेमानं समजावलं होतं. टेबलावर आमचं पत्र होतं, माझी ठसठशीत सही वर.

"प्रात्यक्षिकं होत नव्हती, बरोबर?"

"होत होती."

सर खुर्चीत सरळ झाले. अध्यक्षांनी चष्मा वर केला. "मग सही का केली?"

"मला शेळी चिरायची नव्हती म्हणून."

"आणि आता?"

"आता येते चिरता. चार चिरल्या मी. चारही पोटं वेगळी काढून दाखवू शकते. काकांनी शिकवलं."

"परिचरानं शिकवलं?"

"हो."

माझे पाय टेबलाखाली लटपटत होते, ते कुणाला दिसले नसावेत. कोपऱ्यातल्या खुर्चीवर काका बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "पयली सही केली तवा पाय हालत व्हते का?"

"नाही."

"मंग आजचं बरोबर हाय."

त्या वर्षी प्रात्यक्षिकात मला जेमतेम पास होण्याएवढे गुण पडले. समितीनं लिहिलं की शवविच्छेदन हे परिचराच्या कामांच्या यादीत नाही, ते विद्यार्थ्यांनीच करायचं असतं. गायीचा विषय बारगळला. ती तोपर्यंत व्याली होती आणि तिच्याविरुद्ध बोलायला कुणी तयार नव्हतं. पण उद्धट वर्तनाबद्दल काकांना ताकीद मिळाली आणि बदली झाली. प्रयोगशाळेतून गोठ्यात.

कॉलेजवाल्यांना वाटलं असेल, हा माणूस मोडेल. काका तोच पांढरा शर्ट घालून गोठ्यात गेले. पुढच्या वर्षीपासून मुलं पचनसंस्था शिकायला प्रयोगशाळेत कमी आणि गोठ्यात जास्त दिसायला लागली. काही वर्षांनी नवे प्राचार्य आले, त्यांनी काकांना परत प्रयोगशाळेत बोलावलं. काकांनी फोल्डर पुढं ठेवला. "यातला 'परंपरागत सवय' हा शब्द खोडा आन खाली सही करा. उद्या येतो." प्राचार्य भले होते, पण जुन्या कागदावर खाडाखोड करायचा त्यांना धीर झाला नाही. काका गोठ्यातूनच निवृत्त झाले.

मला पशुधन पर्यवेक्षक म्हणून फर्दापूरकडच्या एका गावात दवाखाना मिळाला. तिसऱ्याच महिन्यात निरोप आला की एक बैल मेलाय आणि गावात भांडण पेटलंय. बैल ज्याचा, तो म्हणत होता चुलतभावानं विष घातलं. चुलतभाऊ कुऱ्हाड घेऊन ओट्यावर बसलेला. मी पोहोचले तेव्हा बैलाभोवती सारं गाव होतं आणि लांब, लिंबाखाली, एक म्हातारा सुरी घेऊन एकटा उभा होता. सरपंचांनी त्याला बौद्धवाड्यातून बोलावणं पाठवून आणलं होतं.

"मॅडम, तुम्ही लांबून सांगा. हा उघडंल," सरपंच म्हणाले.

मी म्हाताऱ्याजवळ गेले. "बाबा, तुम्ही घरी जा. हे माझं काम आहे."

"आवो, पर तुम्ही..." सरपंच घुटमळले. त्यांना माझं आडनाव माहीत होतं. "तुमच्या घरच्यांना काय वाटंल?"

"माझे घरचे पदविकेला बसले नव्हते," मी म्हणाले आणि हातमोजे चढवले.

बैल म्हणजे शेळी नव्हे. दीड तास लागला, माझे खांदे भरून आले. पोटात विषाची खूण नव्हती. जाळीपोटातून एक बोटभर गंजकी तार निघाली होती आणि छातीचा पडदा फोडून थेट हृदयात शिरली होती. मी ती तार सगळ्यांसमोर धरली. कडब्याच्या पेंढ्या बांधायची तार, कडब्याबरोबर गिळली गेलेली. ती बैलाच्या मालकानंच आणली होती. चुलतभावानं कुऱ्हाड भिंतीला टेकवली. दोघं एकमेकांकडे न बघता उभे राहिले, पण उभे राहिले.

म्हातारा घरी गेला नव्हता. लिंबाखालच्या दगडावर बसून सगळं शेवटपर्यंत बघत होता. दुसऱ्याच्या हातानं उघडलं जाणारं ढोर त्यानं बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं.

संध्याकाळी मी काकांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "हृदयाभवती पानी व्हतं का?"

"होतं. घाण वासाचं."

"मंग लई दिस त्याला दुखत असंल. चालताना कण्हत असंल. कुनी ऐकलं नसंल." आणि मग, "बरं झालं तुम्ही ऐकलं."

काका गेल्याला आता दीड वर्ष होत आलं. झोपेत गेले. त्यांच्या बायकोनं फोन केला तेव्हा मी एका म्हशीच्या बाळंतपणात होते. माती व्हायच्या आत पोहोचू शकले नाही. आता संभाजीनगरला गेले की त्यांना भेटायला जायचं नाही, हे मला क्षणभर आठवावं लागतं.

शेवटचं त्यांना पाहिलं ते क्रांती चौकात. दुपारची वेळ, सिग्नल सुटलेला, मी रिक्षात. पुढं सगळं अडलं होतं, हॉर्न कोकलत होते. मान बाहेर काढून बघितलं तर भर रस्त्यात एक मोकाट गाय आणि तिच्यासमोर पांढऱ्या शर्टातले काका. गाय एक काळी प्लॅस्टिकची पिशवी गिळत होती. अर्धी आत, अर्धी बाहेर. काकांनी एका हातानं तिचा जबडा धरला होता आणि दुसऱ्या हातानं ती पिशवी हळूहळू, तुटू न देता, बाहेर ओढत होते. एक मोटारसायकलवाला अगदी त्यांच्या पायाशी येऊन ओरडला, "ओ काका, हटो ना यार!"

काकांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. फक्त डावा पाय थोडा पुढं टाकून आणखी रुंद उभे राहिले. सिग्नल पुन्हा लाल झाला. पिशवी अजून निघतच होती.